सारखा वाटा

काजलच्या उजव्या पोटरीवर दोन लाल रेघा होत्या. एकमेकींना समांतर, मधली पट्टी फिकट, जवळजवळ कातडीच्याच रंगाची. प्रियदर्शनीने मुलीचा पाय न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवून घेतला आणि तांब्याने पाणी ओतता ओतता नीट पाहिलं. काठीचा फटका बसतो तेव्हा काठीखालचं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि कडेच्या केशवाहिन्या फुटतात. म्हणून एका फटक्याच्या दोन रेघा उमटतात आणि त्यांच्यामधलं अंतर म्हणजे काठीची जाडी. प्रियदर्शनी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची, पण हे तिला आधी स्वतःच्या दंडावरून कळलं होतं. त्याचं कारण पुस्तकात नंतर सापडलं.

असाच एक वळ कालपासून अर्णवच्या पोटरीवर होता, तोही उजव्याच. अर्णव आणि काजल जुळे, येत्या पावसाळ्यात सात वर्षांचे होणार होते. अर्णवचा वळ कुठून आला हे तिला माहीत होतं. ती तिथेच उभी होती. काजल मात्र काल दिवसभर आजी-आजोबांबरोबर रामटेकला गेलेली. परत आल्यापासून तिच्यावर कोणी हात उगारलेला नव्हता. शिवाय हा वळ वेगळा होता. अर्णवच्या दोन रेघांमध्ये बोटभर अंतर होतं. काजलच्या रेघा बारीक, अगदी जवळजवळ आणि शेवटाकडे वाकड्या झालेल्या. त्यांच्या खाली आणखी एक पुसट खूण होती. कोणीतरी आधी हलक्या हाताने मारून पाहिलं असावं, तशी.

हे कशाने झालं, असं तिने विचारलं. काजल पाण्याकडे बघत म्हणाली, शिडीवरून पडली.

शिडीवरून पडून असा वळ उठत नाही. पण ते उत्तर प्रियदर्शनीचंच होतं. हिवाळ्यात भुवई सुजली तेव्हा तिने स्टाफरूममध्ये हेच सांगितलं होतं आणि नंतर फोनवर उमरेडच्या शोभाताईला, तिच्या मोठ्या बहिणीला. तेव्हा काजल शेजारी बसून चित्र रंगवत होती.

शोभाताईने ते मानलं नव्हतं. तू पोरांना घेऊन इकडे ये, वरची खोली रिकामीच आहे, असं ती दर फोनला सांगायची. प्रियदर्शनीचं मनात ठरलेलंच होतं, आज-काल नाही, दोन वर्षांपासून. मुलांना घेऊन उमरेडला जायचं आणि परत यायचं नाही. फक्त ते तोंडातून काढायचं राहिलं होतं. आधी मुलांची शाळा सुरू व्हायची होती, मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा. आणि आता ही खोली.

गोळीबार चौकामागच्या गल्लीतलं हे घर विणकरांचं. मागची खोली मागाची होती. सासरे रुपराव तरुणपणी तिथे बसून लुगडी विणायचे. जमिनीत पाय सोडायचा खड्डा होता, तो वैभवने मागच्या महिन्यात भर टाकून बुजवला आणि वर टाइल्स बसवल्या. रुपराव पुढे कामठीला पॉवरलूमवर लागले आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. वैभवने माग कधी हाती घेतला नाही. त्याचं कामठी रोडवर प्लायवूडचं दुकान होतं. जुळ्यांची खोली तो सुतार न लावता, स्वतःच्या हाताने करत होता.

काम करताना तो फार चांगला असायचा. कानावर पेन्सिल, गुडघ्यावर फूटपट्टी, ओठ गाण्याच्या चालीत हलते. मुलांना लाकडाचा भुसा गोळा करू द्यायचा. प्रियदर्शनीने चहा नेला तर कप हातात घेत हसून म्हणायचा की पोरं एकदा आपल्या खोलीत झोपायला लागली की माझं डोकं शांत राहील बघ, रात्री झोपच होत नाही ना नीट. ती हे प्रयोगासारखं मान्य करत होती. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. खोली झाल्यावरही तसंच राहिलं तर मात्र निघायचं.

घरात जुळ्यांचा एक नियम होता. तो सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी आणला. बाळंतपणानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की जुळ्यांना जे द्यायचं ते सारखं द्यायचं, नाहीतर ज्याला कमी मिळतं ते पोर खंगतं. त्यांच्या माहेरी म्हणे असंच झालं होतं. म्हणून दोन झबली एका कापडाची, दोन खुळखुळे, एकाला पेढा तर दुसऱ्यालाही पेढा. रुपरावांनाही ते पटलं. लुगड्याचे दोन्ही काठ सारखे उतरले पाहिजेत यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. अर्णवला ताप आला तेव्हा सासूबाई काजललाही बोंडल्याने औषध पाजायला निघाल्या. प्रियदर्शनीने तेव्हा हात धरला होता.

चार वर्षांची असताना मुलांनी वैभवचा मोबाइल पाण्याच्या टाक्यात टाकला. टाकला अर्णवने. वैभवने त्याला झोडपलं आणि मग दाराआड उभ्या असलेल्या काजलला हाक मारली. प्रियदर्शनी मध्ये पडली, तर तो शांतपणे म्हणाला की एकाला दिलं तर दुसऱ्याला द्यायलाच लागतं, आईला विचार. त्या दिवसापासून तसंच चाललं. पाहुणे आले की तो ते सांगायचासुद्धा: आपल्या घरी पोरगा-पोरगी असा भेद नाही, लाड सारखे आणि फटकेही सारखे. पाहुणे हसायचे. एक भाचेजावई तर म्हणाला, हे बरं आहे, आमच्याकडे तर पोट्टी डोक्यावर बसली.

मुलं काय शिकत गेली ते तिला दिसत होतं. अर्णवकडून दूध सांडलं की काजल रडायची. काजलची वही हरवली की अर्णव लपायचा. मध्येच दोघं एकमेकांना ओरबाडायची, चावायची, तुझ्यामुळं, तुझ्यामुळं असं म्हणत. मग पुन्हा एकाच चादरीत शिरून झोपायची.

म्हणूनच तिला या खोलीत दोन रंग हवे होते. काजलला हिरवी भिंत आणि तिच्यावर मासे, अर्णवला पिवळी आणि तिच्यावर आगगाडी. वैभवने शेडकार्डवर एकच रंग पक्का केला होता, साईसारखा, चारही भिंतींना. शनिवारी सकाळी म्हातारी मंडळी काजलला घेऊन रामटेकला गेली, वैभव दुकानात गेला, तेव्हा तिने हिरव्या रंगाचा छोटा डबा आणला आणि अर्णवला सोबत घेऊन काजलच्या बाजूची भिंत रंगवायला घेतली.

वैभव दुपारी लवकर आला. दारात उभा राहून भिंतीकडे बघत राहिला. हा कोणासाठी, असं त्याने विचारलं. काजलसाठी, ती म्हणाली, अर्णवला पिवळा देऊ. तो काही बोलला नाही. त्याचं हे न बोलणं अर्णवलाही कळलं. तो मागे सरकला आणि त्याच्या टाचेने डबा कलंडला. नव्या टाइल्सवर हिरवा रंग पसरत गेला.

पलंगाच्या कडेला ठोकायच्या बीडिंगच्या लाकडी पट्ट्या भिंतीशी उभ्या होत्या. वैभवने त्यातली एक उचलली. पहिला फटका अर्णवच्या पोटरीवर बसला. दुसरा प्रियदर्शनीने दंडावर झेलला, तिसरा तिच्या पाठीवर. मग त्याने तिचे केस मुठीत धरले, तिला खाली वाकवलं आणि तिचा गाल त्या सांडलेल्या रंगात दाबून ठेवला. "पुस," तो म्हणाला. "पुस हे. दोन रंग पायजे म्हणे. पोरायमध्ये भांडण लावून राहिली तू." अर्णव भिंतीला चिकटून उभा होता आणि त्याच्या चड्डीतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी रामटेकहून मंडळी आली तोवर टाइल्स स्वच्छ झाल्या होत्या आणि हिरव्या भिंतीवर साईच्या रंगाचा हात फिरला होता. जेवताना वैभव मजेत होता. त्याने काजलच्या ताटात स्वतःच्या हाताने वरण वाढलं, तिच्या गालाला चिमटा घेतला आणि म्हणाला, "काजल, तुझा वाटा बाकी आहे बरं का. अर्णवनं आपला घेतला आज." रुपराव, काही ऐकू न येता, सगळे हसतात असं समजून हसले. काजलने घास तोंडातच धरून ठेवला. झोपताना तिची समजूत काढावी असं प्रियदर्शनीच्या मनात होतं, पण दोघंही झोपायच्या वेळेपर्यंत अंगणात खेळत होती, मग अंथरुणात गुपचूप पडून राहिली आणि तिला वाटलं, विसरली.

विसरली नव्हती. रविवारी सकाळी न्हाणीत त्या पोटरीवर पाणी ओतताना प्रियदर्शनीला एवढंच कळत होतं की ही काठी बारीक होती आणि ती धरणारा हात मोठ्या माणसाचा नव्हता. पुढचा विचार तिने केला नाही. टॉवेलने पाय पुसला, खोबरेल लावलं.

दुपारी बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. कूलर धडधडत होता. वैभव खोलीत दोन पलंग जोडत होता. एकावर एक असा दुमजली पलंग करायचं त्याने आधीच नाकारलं होतं. एक वर आणि एक खाली हे चालणार नाही. दोन वेगळे, पण लांबी, रुंदी, उंची सारखी, उशा एकाच दिशेला. कर्णसुद्धा मोजून बघत होता. मुलं उंबऱ्यावर बसून बघत होती. प्रियदर्शनी खिडकीला पडदा अडकवत होती, दोन्ही बाजूंना एकाच कापडाचा.

दुसऱ्या पलंगाची बाजूची फळी बसेना. त्याने ती काढली, मोजली, पुन्हा लावली. फळी आखूड कापली गेली होती. कापली त्यानेच. त्याने फळीवरची पेन्सिलची खूण बघितली. खुणेशेजारी छोटासा मासा काढलेला होता.

"माझ्या पेन्सिलीले कोणं हात लावला?"

काजलने मान खाली घातली. माशाने खूण सरकत नाही, फळी चुकीच्याच मापावर कापली गेली, हे प्रियदर्शनीने सांगितलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून सांगितलं. वैभवने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने हात लांब करून बीडिंगची पट्टी उचलली.

"काजल, इकडं ये. तुझं कालचंही बाकी आहे."

काजल उठली. ती रडली नाही. बापासमोर येऊन पाठमोरी झाली आणि उजवा पाय थोडा मागे घेऊन तिने पोटरी दाखवली.

"माझं झालं, बाबा," ती म्हणाली. "अर्णवनं दिलं."

वैभवने पट्टी खाली टेकवली. उकिडवा बसून त्याने तो वळ जवळून बघितला, अंगठ्याने दाबून पाहिला. कशाने मारलं, असं त्याने अर्णवला विचारलं. अर्णव उंबऱ्यावरूनच पुटपुटला, शाळेच्या पट्टीनं, उभी धरून. तुला कोणी सांगितलं, यावर काजलच मध्ये बोलली. "मीच म्हटलं त्याले. बाबाच्या हातानं जास्त लागते."

प्रियदर्शनी स्टुलावर उभी होती. पडद्याची कडी तिच्या हातात होती. तिला अंगणातला कालचा खेळ दिसला, पहिली हलकी खूण दिसली आणि दुसरी, जोर करून मारलेली. आपल्या मुलीने आपल्या मुलाला, अजून जोरानं मार, असं सांगितलं असणार. आणि त्याने ऐकलं असणार, कारण तो तिच्यावर माया करतो.

वैभव हसायला लागला. मोठ्याने, खरोखरच्या कौतुकाने. त्याने आईला हाक मारली. सुभद्राबाई पदराने हात पुसत आल्या, त्यांच्या मागून रुपराव. "पाहा वं आई, पोट्टे आपल्याआपण वाटे करून राहिले." सुभद्राबाईंनी पोटरी बघितली आणि तोंडावर हात घेतला. वैभवने अर्णवच्या पोटरीला पट्टी लावली, मग काजलच्या, आणि त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

"पण हे सारखं नाही झालं," तो म्हणाला. त्याने पट्टी अर्णवच्या हातात दिली. "काम केलं तं नीट करायचं. मार. माह्यासमोर."

अर्णवने पट्टी धरली, कारण ती हातात दिली होती. ती त्याच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब होती. तो हलला नाही. वैभवने त्याचं मनगट पकडलं आणि हात वर उचलला.

प्रियदर्शनी स्टुलावरून उतरली नाही, पडल्यासारखी आली. तिने पट्टी मधोमध धरली. वैभवने हिसका दिला; पट्टीतून एक बारीक खिळा बाहेर आलेला होता, त्याने तिचा तळवा करंगळीपासून अंगठ्यापर्यंत फाडला. तिने सोडली नाही. त्याने कोपर तिच्या तोंडावर मारलं. दात ओठात घुसले. मग त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं आणि तिचं डोकं नव्या पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं, ज्या कोपऱ्याला बीडिंग लागायची राहिली होती. कपाळावरून रक्त आलं. कपाळावर रक्तवाहिन्या दाट असतात, जखम लहान असली तरी रक्त फार येतं. तिला हे माहीत होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत रक्त भरलं आणि खोली लाल झाली.

तिला ऐकू येत होतं. लाथ बसली, ती फळीला, फळी मोडली. दुसरी लाथ तिच्या बरगडीत. अर्णव ओरडला आणि त्याचं ओरडणं मध्येच तुटलं. ती आवाजाच्या दिशेने सरपटत गेली, हाताला एक छोटा पाय लागला, तिने तो पोटाशी ओढला आणि त्यावर आडवी झाली. पट्टी तिच्या खांद्यावर, मानेवर, पुन्हा खांद्यावर उतरत राहिली, मोडेपर्यंत.

"मी खाऊचं म्हटलं होतं गा, वैभव," सुभद्राबाई रडत म्हणत होत्या. त्यांनी लेकाचा सदरा मागून धरला होता. "खाऊचं म्हटलं होतं मी. माराचं नव्हतं म्हटलं."

"गप बस," तो म्हणाला आणि आईलाही झटकलं. म्हातारी भिंतीवर आदळून खाली बसली. रुपराव दारात उभे होते. ऐकू येत नसलं तरी दिसत होतं त्यांना सगळं. ते पुढे आले, लेकाच्या आणि सुनेच्या मध्ये उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत. सत्तरी ओलांडलेला, लुकडा माणूस. वैभवने हात खाली केला. दमला होता. मोडक्या पट्टीचा तुकडा त्याने कोपऱ्यात टाकला, अंगावरचा भुसा झटकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला की एवढं व्हायची गरज नव्हती, तू मध्ये पडतेस म्हणून होतं; आता तोंड धू आणि चहा टाक.

प्रियदर्शनीने पदराने डोळे पुसले. अर्णव तिच्या कुशीखालून निघाला. त्याचा गाल सुजत होता, पण हाडं शाबूत होती. तिने बोटांनी जबडा, मनगट, बरगड्या चाचपून घेतल्या. काजल पडद्याला पाठ लावून उभी होती. तिला काहीच लागलेलं नव्हतं. तिने भावाचा गाल बघितला आणि सरळ त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. स्वतःचा गाल पुढे केला. मग आईच्या कपाळाकडे बघितलं, उघड्या तळव्याकडे, जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे. तिच्या चेहऱ्यावर गणित सोडवतानाची आठी पडली.

"आजी," तिने विचारलं, "आईचं कोणाले द्यायचं?"

सुभद्राबाईंनी तोंड पदरात लपवलं. काजल एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, तिला खरंच माहिती हवी होती. अर्णव हळूच म्हणाला, अर्धं अर्धं घेऊ.

प्रियदर्शनी पलंगाचा आधार घेऊन उभी राहिली. बरगडीत कळ आली, तिने श्वास छोटा घेतला. फाटलेला हात पदरात गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने काजलचा पुढे केलेला गाल हळूच मागे वळवला. वैभव दाराकडे निघाला होता. तिने त्याला नावाने हाक मारली. लग्नानंतर कधी मारली नव्हती. तो थांबला. दातांनी ओठ कापल्याने शब्द जड येत होते, म्हणून ती सावकाश बोलली, रुपरावांनाही ओठांवरून कळेल असं.

"वैभव, मी या दोघायले घेऊन चालली. आधी पोलीस ठाण्यात, मग उमरेडले. परत येणार नाही."